देवीचा वण आणि करोनाची लस

त्र्यंबकेश्वराहून वायव्येस निघालेला रस्ता डोंगर चढत-उतरत गुजरातच्या सरहद्दीकडे जातो. त्या वाटेवर हरसूल हे बाजाराचे गाव आहे. भोवतालच्या पाड्यांवर महादेव कोळी, कोकणा व वारली लोकांची वस्ती. पावसाळा दांडगा, शेते उताराची, पिके भात, नागली आणि वरई. धान्य घरात आले की ते वर्षभर पुरत नाही. म्हणून दिवाळीनंतर अनेक कुटुंबे दाराला कडी लावून गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात उभी राहतात आणि तेथून द्राक्षबागांच्या कामास जातात. हे एवढ्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की, करोनाच्या लशीची या भागातील हकीकत या वार्षिक क्रमावाचून समजत नाही.

भारत सरकारने १६ जानेवारी २०२१ रोजी लस टोचण्यास आरंभ केला. प्रथम रुग्णसेवा करणाऱ्यांना, १ मार्चपासून साठीच्या पुढील वृद्धांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशी गाठलेल्या सर्वांना आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील प्रत्येकास, असा क्रम ठरला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी मात्रा पुऱ्या झाल्या आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी. जगाच्या इतिहासात अशी कामगिरी थोड्याच राष्ट्रांनी केली असेल. परंतु कोटींची ही रास एकेका दंडावर उभी राहते, आणि हरसूलच्या दंडाची अडचण मुंबईच्या दंडाहून अगदी निराळी होती.

१ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांना मोबाईलवरून आगाऊ नाव नोंदविल्यावाचून लस मिळेना. ज्या पाड्यावर संदेश येण्यासाठी टेकाडावर चढावे लागते, तेथे ही अट म्हणजे बंद दारच. पुष्कळ ठिकाणी शहरातील मंडळींनी घरबसल्या खेड्यातील केंद्रांवर नावे नोंदविली, मोटारींतून येऊन लस टोचून घेतली, आणि गावकरी ओट्यावरून पाहत राहिले. २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट जाऊन नाव नोंदविण्याची मुभा मिळाली, तेव्हा हे दार थोडे किलकिले झाले.

तोवर दुसरे दार आतून लागले होते. नाशिक जिल्हा त्या वसंतात देशातील अतिबाधित जिल्ह्यांपैकी एक होता. शहरात नेलेला माणूस परत येत नाही, हे लोक पाहत होते. त्यातच लस घेतली की मनुष्य मरतो, स्त्रीस मूल होत नाही, अशा वार्ता आदिवासी पट्ट्यातून फिरू लागल्या. या वार्तांस अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. शहाण्यासुरत्या शहरांतही तेच बोलले जात होते. पाड्यावरच्या नकारामागे आणखी एक हिशेब होता, आणि तो कोणत्याही व्यापाऱ्यास पटावा असा होता. लस टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येते. शरीर रोगाशी लढण्याची तालीम करते त्याचेच ते लक्षण होय. पण रोजंदारीवर जगणाऱ्यास त्या तालमीची किंमत दोन दिवसांच्या मजुरीने चुकवावी लागते. भातलावणीच्या दिवसांत तर दोन दिवस म्हणजे वर्षाचे पीक.

लशीच्या कुपीचाही एक हट्ट असतो. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डच्या एका कुपीत दहा जणांच्या मात्रा असत. ती दोन ते आठ अंशांच्या गारव्यात, बर्फाच्या पेटीतून न्यावी लागे, आणि एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे. पाड्यावर सहाच माणसे जमली तर परिचारिकेने काय करावे? कुपी फोडावी तर चार मात्रा मातीत. न फोडावी तर आज महत्प्रयासाने राजी झालेली सहा माणसे उद्या येतीलच असे नाही.

पहिल्या मात्रेनंतर दुसरीसाठी मे २०२१ पासून किमान चौऱ्याऐंशी दिवसांचे अंतर ठरले. आता पंचांग मांडून पाहावे. लावणी आटोपून जुलैअखेर पहिली मात्रा घेतली, तर दुसरी ऑक्टोबरात, ऐन भातकापणीत येते. महाराष्ट्र सरकारची ‘मिशन कवच कुंडल’ ही मोहीम ८ ते १४ ऑक्टोबर या दिवसांतच पडली. पुढे नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ हा घरोघर जाण्याचा राष्ट्रव्यापी उपक्रम सुरू झाला. त्या वर्षी दिवाळी ४ नोव्हेंबरला होती. दिवाळी सरताच पाड्यांवरची माणसे गिरणाऱ्याच्या वाटेला लागणार. दार ठोठावण्याची कल्पना उत्तम, पण कुलुपाने उत्तर कसे द्यावे?

असे असताही लस डोंगरात पोहोचली, याचे श्रेय मुख्यतः आशा म्हणविणाऱ्या गावच्याच बायांस आहे. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे सत्तर हजार. त्यांना तेव्हा पगार नव्हता, मुख्यतः कामागणिक मोबदला होता. जून २०२१ मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला, ही गोष्ट राज्यास भूषणावह नव्हती. त्यांच्या बोलण्यास वजन होते ते पदाचे नव्हे. ज्या बाईने सुनेचे बाळंतपण पाहिले, तीच आज स्वतः लस घेऊन दारात उभी आहे, याचे ते वजन होते.

एक पुरावा तर त्यांना ऐकणाऱ्यांच्या अंगावरच मिळत असे. एप्रिल २०२१ मध्ये ज्यांची पाळी आली ते पंचेचाळिशीच्या पुढचे लोक १९७७ पूर्वी जन्मलेले, म्हणजे देवी काढून घेतलेल्या पिढीतले. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळला. बहुतेकांच्या दंडावर तो वाटोळा वण अद्याप आहे. टोचणीस भिणाऱ्या म्हाताऱ्यास त्याचाच दंड दाखविणे, यापरते व्याख्यान नाही.

ज्या सत्तेस असे बोलणे साधत नाही ती दटावू लागते. १८९७ च्या प्लेगात पुण्यात गोरे शिपाई घरांत शिरले, आणि त्याची परिणती रँडसाहेबाच्या वधात झाली. त्याच वर्षी १० जानेवारीस मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःस टोचून घेतली होती. रोग एकच, परंतु लोकांजवळ जाण्याच्या वाटा दोन. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही मात्रा न घेतलेल्यास शिधा व पेट्रोल देऊ नये, असा हुकूम निघाला. गरिबास शिधा नाकारून त्याच्या आरोग्याची चिंता वाहणे, हा न्याय अजबच! पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोणासही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, असा निर्णय दिला.

देवीचा वण दाखविण्यास कोणतेही यंत्र लागत नसे. करोनाच्या लशीचा दाखला मात्र मोबाईलमध्ये आला. ज्यांच्या घरी तसा मोबाईल नव्हता, त्यांनी तो बाजारात कागदावर छापून घेतला, प्लास्टिकच्या पिशवीत घातला, आणि पावसाचे पाणी लागू नये म्हणून शिधापत्रिकेच्या घडीत जपून ठेवला.