गल्लीच्या रस्त्यांचा जीर्णोद्धार

पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरणाऱ्याच्या दृष्टीस एक गोष्ट सहज पडते. वाड्याच्या ज्या दरवाज्यांत शिरण्यासाठीं पूर्वीं दोन पायऱ्या चढाव्या लागत, त्याच दरवाज्यांत कित्येक ठिकाणीं आतां एक पायरी खालीं उतरावें लागतें. वाडा खचलेला नसतो, रस्ता वर आलेला असतो. जुन्या थरावर नवा थर, त्यावर आणखी एक, असें वर्षानुवर्षें चालतें. एक थर दोन इंचांचा धरला तरी पांच थरांत रस्ता दहा इंच चढतो, आणि जोतें मात्र पणजोबांनीं बांधलें तेथेंच राहतें. मग मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला पाणी गटाराची वाट सोडून ओसरीवर येतें आणि घरांतील बायामाणसें खराटे व बादल्या घेऊन रात्रभर तें बाहेर लोटीत बसतात. घरापुढला रस्ता गुळगुळीत असतो. कागदोपत्रीं त्याची सुधारणाही झालेली असते.

नवा थर घालण्यापूर्वीं जुना तितकाच खरवडून काढला, तर रस्त्याची पातळी जेथल्या तेथें राहते. खरवडलेली डांबरी खडीही वायां जात नाहीं. ती पुन्हां तापवून नव्या मिश्रणांत वापरतां येते. मोठ्या रस्त्यावर हें काम यंत्रें करतात. अरुंद बोळांत तीं शिरत नाहींत, म्हणून तेथें तें काम गाळण्याचा मोह होतो. वस्तुतः जेथें घरें रस्त्याला चिकटून उभीं आहेत, तेथेंच हें पथ्य अधिक कडक हवें. यंत्र जात नसेल तर पहारीनें उखडावें, खर्च अधिक आला तरी. शिवाय डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे दर मीटरला सुमारें दोन ते अडीच सेंटिमीटर उतार द्यावा लागतो. एवढा उतार डोळ्यांना दिसतही नाहीं, पण पाण्याला तो बरोबर कळतो.

राहत्या गल्लीचा रस्ता वर्दळीनें खराब होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील ऑटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून निरनिराळ्या भाराच्या मालमोटारी सतत फिरविण्यांत आल्या. त्या प्रयोगावरून निघालेला ठोकताळा असा कीं, आंसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याचें नुकसान जवळजवळ सोळा पटींनीं वाढतें. या हिशेबानें दुचाक्या आणि घरगुती मोटारी यांचा उपद्रव नगण्य ठरतो. जड वाहनें म्हणजे पाण्याचा टँकर आणि कचऱ्याची गाडी. त्यांच्या फेऱ्या मोजक्याच. गल्लीचा रस्ता मरतो तो मुख्यतः उन्हानें, पाण्यानें आणि कुदळीनें. उन्हानें व हवेनें डांबर ठिसूळ होतें, त्याला केसासारख्या भेगा पडतात, पावसाचें पाणी त्यांतून खालच्या खडीमुरमांत उतरतें, पाया मऊ पडतो, आणि मग तोच टँकर, ज्यानें इतकीं वर्षें कांहीं बिघडविलें नव्हतें, एका पावसाळ्यांत खड्डा पाडतो.

कुदळीची कथा श्रोत्यांना सांगावयास नकोच. नळ, गटार, विजेची तार, दूरध्वनी, प्रत्येकाचा चर वेगळा आणि प्रत्येकाचा मुहूर्तही वेगळा. हा चर थराथरानें धुम्मसानें ठोकून भरला नाहीं तर खचतो आणि शेजारचा चांगला रस्ताही बरोबर नेतो. पेठांतील अनेक बोळांत आतां सिमेंट काँक्रीट आलें आहे. तें डांबरापेक्षां अधिक टिकतें. परंतु खालची नळी पन्नास वर्षांची आणि वरचें काँक्रीट नवें, ही जोडी विजोड होय. नळी फुटली कीं तें फोडावेंच लागतें, आणि फोडलेलें काँक्रीट पहिल्यासारखें सांधत नाहीं. म्हणून आंखणींत नळीचें वय आधीं पाहावें, रस्त्याचें मागाहून.

पाण्याचा हाच कायदा टेकडीवरच्या पायवाटांनाही लागू आहे. वेताळ टेकडीवर किंवा हनुमान टेकडीवर पहाटे फिरावयास जाणाऱ्यांनीं चढावरच्या सरळ वाटेचा ओढा झालेला पाहिला असेल. माती वाहून जाते, दगड उघडे पडतात, माणसें ते चुकवून कडेनें चालतात, आणि कडेचें गवत मरून वाट दुप्पट रुंद होते. येथें सिमेंट ओतणें हा उपाय नव्हे. सिमेंटवरून पाणी अधिक वेगानें धांवतें आणि तेंच कडेची माती खातें. वाटेवर अंतराअंतरानें तिरकस दगडांच्या ओळी बसवून पाणी बाजूला काढून द्यावें, आणि फार चढ असेल तेथें ओबडधोबड दगडाच्याच पायऱ्या कराव्या. पायथ्याजवळच्या सपाट भागांत मात्र मुरूम दाबून पक्की वाट केलेली बरी, कारण काठी टेकीत येणारीं वृद्ध माणसें तेथपर्यंतच येतात.

राहिला प्रश्न कोणत्या गल्लीचें काम आधीं, याचा. अमेरिकन सैन्याच्या अभियंता दलानें १९७० नंतरच्या दशकांत रस्त्यांना शंभरांपैकीं गुण देण्याची पद्धत बसविली. भेगा, खड्डे, खचलेले भाग मोजावयाचे आणि त्यांच्या मानानें गुण कापावयाचे. गुण हातीं आले कीं सामान्य माणूस म्हणतो, दहा गुणांची गल्ली आधीं घ्या. अभियंता म्हणतो, सत्तर गुणांची आधीं. तिच्या भेगा बुजवून वर पातळ लेप दिला कीं ती अनेक वर्षें तरते. एका मेलेल्या रस्त्याच्या पुनर्बांधणीच्या पैशांत असे कित्येक रस्ते वांचतात, आणि न वांचविले तर तेही थोड्याच वर्षांत दहा गुणांवर येतात. दहा गुणांच्या गल्लीचें याहून अधिक कांहीं बिघडावयाचें उरलेलें नसतें.

हा हिशेब बिनचूक आहे, आणि नगरसंस्थांनीं तो मानावा हेंच बरें. पण त्यांत एक खोंच आहे. ज्या वस्तीचा रस्ता मुळांतच पाया न घालतां झाला, ती गल्ली कधींच सत्तर गुणांवर नव्हती. केवळ हिशेबानें गेल्यास तिचा क्रम कधींच यावयाचा नाहीं. तेथेंही माणसें राहतात. तेथेंही आजारी माणसाला उचलून रिक्षेपर्यंत न्यावें लागतें, कारण रिक्षा आंत येत नाहीं. म्हणून दरवर्षींच्या रकमेंतला ठराविक वांटा अशा गल्ल्यांसाठीं आधींच बाजूला काढून ठेवावा आणि त्यास इतर कामासाठीं हात लावूं नये.

पुण्यांतील जंगली महाराज रस्ता १९७६ सालीं दहा वर्षांच्या हमीनें बांधला गेला आणि त्यानंतर कित्येक दशकें टिकला. गल्लीचें काम लहान असलें तरी हमी तिलाही मागतां येते. गल्लीच्या तोंडाशीं एक पाटी लावावी: रस्ता कोणत्या सालीं झाला, हमी कधींपर्यंत, खालची नळी केव्हांची, पुढचें काम कोणत्या वर्षीं. ज्या गल्लीचा क्रम चार वर्षांनीं आहे तिच्या पाटीवर तें वर्षच लिहावें, आणि तोंवर निदान गटार साफ व खड्डे मुरुमानें भरलेले ठेवावे.