वाळूत बुडालेलं तलकाड

म्हैसूरपासून ४५ किलोमीटरवर, कावेरीच्या वळणाला लागून तलकाड आहे. एकेकाळची ही गंग राजघराण्याची राजधानी. आज इथल्या देवळांकडे वाळूचे ढिगारे तुडवत जावं लागतं. पाताळेश्वर आणि मरुळेश्वर गाठायला तर चक्क जमिनीच्या पातळीखाली उतरावं लागतं.

होयसळ राजा विष्णुवर्धनानं चोळांकडून तलकाड जिंकलं आणि ‘तलकाडुगोंड’ हे बिरुद मिरवलं. या विजयाच्या स्मरणार्थ १११७ साली कीर्तिनारायण मंदिर उभं राहिलं. बेलूरचं प्रसिद्ध मंदिरही त्याच वर्षीचं. कीर्तिनारायणाच्या मंडपात क्षणभर तरी थांबायलाच हवं. चरकावर कातल्यासारखे गोल, वळ्यावळ्यांचे दगडी खांब इथे दिसतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं या मंदिराच्या पुनर्बांधणीचं किचकट काम हाती घेतलं.

वैद्येश्वराचं मंदिर मात्र एका पिढीचं नव्हे. गंग, चोळ, होयसळ, विजयनगर, प्रत्येक काळानं त्यात भर घातली. दारावरचे भव्य द्वारपाल पाहताना नजर हटत नाही.

मग ही वाळू आली कुठून? लोककथा अलमेलम्मा नावाच्या राणीच्या शापाकडे बोट दाखवते. भूशास्त्राच्या अभ्यासकांचं उत्तर वेगळं आहे: चौदाव्या शतकात वरच्या अंगाला माधवमंत्री बंधारा झाला, पाणी घटून नदीपात्रातली वाळू उघडी पडली आणि पावसाळी वाऱ्यांनी ती गावावर लोटली. म्हणजे शिल्पकारांच्या हातांइतकीच माणसाच्या पाणीयोजनेनंही तलकाडची घडण बदलली. इथल्या पाच शिवलिंगांच्या, म्हणजेच पंचलिंग दर्शनाच्या पर्वात या मंदिरांत भाविकांची गर्दी होते. अलीकडचं असं पर्व २०२० सालचं.