चोराला शिडी देणारा

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



माझा जन्म वृत्तपत्राच्या शाईत गेला. शिक्षण कला शाखेचे. त्यामुळे ‘इंटरनेटचा मोडेम’ या विषयावर मी बोलणार हे ऐकून माझ्या घरातच प्रथम हशा पिकला. तेव्हा तांत्रिक बारकाव्यांत मी चुकलो, तर सभागृहातील अभियंत्यांनी मला क्षमा करावी. मला मोडेमच्या पेटीपेक्षा ती विकणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा मी नुकताच या व्यवसायात आलो होतो. दूरध्वनीच्या तारेला जोडलेला तो मोडेम किंचाळायचा, खरखरायचा आणि दहा प्रयत्नांनंतर एकदाचा जोडला जायचा. तासांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत. आणि जिथे हिशेब आला तिथे चोरीही आली. दिल्लीत २००० साली एका लष्करी अधिकाऱ्याचे इंटरनेटचे तास असेच परस्पर वापरले गेले. जोडणी करून देण्यासाठी घरी आलेल्या माणसाला त्यांचे नाव व परवलीचा शब्द ठाऊक झाला होता. माहिती तंत्रज्ञान कायदा तेव्हा अमलात आलेला नव्हता. ‘तास’ ही वस्तू चोरीला कशी जाते, असा प्रश्न ठाण्यात पडला असेल तर नवल नाही. शेवटी भारतीय दंड विधानातील साध्या चोरीच्या कलमाचाच आधार घ्यावा लागला.

आता मी आपल्याला अमेरिकेत नेतो, कारण या चोरीचा मोठा बाजार तिथे भरला आणि तिथल्या पोलिसांनी तो उठवलाही.

अमेरिकेत घरोघरी इंटरनेट येते ते प्रामुख्याने दूरचित्रवाणीच्या केबलमधून. त्या केबलच्या टोकाला मोडेम असतो. प्रत्येक मोडेमला कारखान्यातच एक क्रमांक मिळतो. बारा अक्षरा-अंकांचा हा क्रमांक पेटीच्या तळाशी चिकटवलेला असतो आणि तिच्या आतल्या स्मृतीतही असतो. मोडेम सुरू होताच तो केबल कंपनीच्या केंद्राला आपला क्रमांक सांगतो. केंद्र आपली वही पाहते, ग्राहक पैसे भरणारा आहे ना याची खात्री करते आणि ‘तुला इतका वेग’ अशी एक आज्ञापत्रिका पाठवते. मोडेम ती निमूटपणे पाळतो. सारा व्यवहार विश्वासावर चाललेला. पण हा द्वारपाल राहतो कुठे? ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्याच्याच घरात! त्याने पेटी उघडली, आतली आज्ञावली बदलली, की द्वारपाल फितूर झाला.

फितूर झालेला मोडेम दोन गोष्टी करतो. एक, केंद्राची आज्ञा धाब्यावर बसवून हवा तितका वेग घेतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर. तो आपला क्रमांक टाकून दुसऱ्याचा क्रमांक सांगू लागतो. पैसे भरणाऱ्या एखाद्या सज्जन गृहस्थाच्या नावाने हा भामटा फुकट फिरत राहतो. एकाच विभागात एक क्रमांक दोनदा चालत नाही, म्हणून या मंडळींनी काय करावे? आपल्या गावचे क्रमांक दुसऱ्या गावच्या चोरांना द्यायचे आणि त्यांच्या गावचे आपण घ्यायचे. बार्टर पद्धत! क्रमांक टिपून घेणारी आज्ञावलीही तयार मिळत असे.

ही सामग्री पुरवणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथील टीसीएनआयएसओ नावाचे एक दुकान प्रमुख होते. त्याचा चालक तरुण, हुशार आणि स्वतः शिकलेला. २००६ साली त्याने केबल मोडेम कसा फोडावा यावर चक्क एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केले. म्हणजे लपूनछपून काहीच नव्हते. बदललेले मोडेम, ते बदलण्याच्या आज्ञावल्या, वापराचे मार्गदर्शन, सारे उजळ माथ्याने विकले जात होते. २००९ साली अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेने, म्हणजे एफबीआयने, त्याला अटक केली. खटला चालला तो हजारो मैल दूर बोस्टनच्या न्यायालयात, कारण त्या मालाचे वापरकर्ते त्या भागात सापडले होते. मार्च २०१२ मध्ये ज्यूरीने त्याला फसवणुकीच्या सात आरोपांवर दोषी ठरवले आणि जूनमध्ये तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. त्याच सुमारास इतर विक्रेत्यांवरही छापे पडले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एकाकडून तर एफबीआयच्या माणसांनी गिऱ्हाईक बनून मोडेम विकत घेतले आणि मगच त्याच्यावर आरोप ठेवले.

त्या सॅन डिएगोच्या तरुणाचा बचाव आपल्यापैकी अनेकांना पटेल असा होता. ‘मी केवळ साधन विकले. त्याचे कोणी काय केले याला मी कसा जबाबदार?’ विळा विकणाऱ्याला खुनासाठी कोणी धरत नाही. कुलूप दुरुस्त करणाऱ्याजवळ किल्ल्यांचा जुडगा असतो म्हणून तो चोर ठरत नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पोलिसांच्या हाती ‘साधन बाळगले’ एवढेच निमित्त दिले, तर उद्या आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एखादा जिज्ञासू मुलगा, जुना मोडेम उघडून पाहतो म्हणून, कोठडीत जाऊन बसेल. जिज्ञासा हा गुन्हा ठरता कामा नये. देशाला असल्या मुलांची गरज आहे.

मग रेषा कुठे ओढायची? या प्रश्नाशी अडलो असताना मी कौटिल्य उघडला. आपल्याकडे सारे काही पूर्वीच होते, असे सांगून टाळ्या घेण्यासाठी मी हे नाव घेत नाही. मोडेम कौटिल्याच्या स्वप्नातही नव्हता. पण अर्थशास्त्राचे चौथे अधिकरण ‘कंटकशोधन’ या नावाचे आहे. समाजाच्या पायात रुतणारे काटे शोधून काढणे, हा त्याचा विषय. तिथे कौटिल्य सांगतो की, चोराला वा हिंसकाला जो अन्न देतो, आसरा देतो, अग्नी देतो, सल्ला देतो आणि उपकरणे देतो, त्याला उत्तम दंड, म्हणजे दंडाच्या श्रेणीतला सर्वांत वरचा दंड करावा. आणि लगेच पुढे पुस्ती जोडतो की, ज्याला हे माहीत नव्हते त्याला केवळ समज द्यावी. उपकरण देणारा दोषी आहे. मात्र त्याचा दोष त्याला असलेल्या माहितीवर, जाणतेपणावर अवलंबून आहे. बोस्टनच्या ज्यूरीसमोर याहून वेगळा प्रश्न नव्हता. हा मनुष्य केवळ पेटी विकत होता, की ही पेटी चोरीसाठीच घेतली जाते हे जाणून, त्यासाठीच ती घडवून, शिकवून विकत होता? ज्यूरीने उत्तर दिले.

आपला कायदा याबाबत मुका नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० मध्ये लागू झाला. त्याच्या ४३ व्या कलमाची पोटकलमे शांतपणे वाचावीत. संगणकात वा जाळ्यात बेकायदा प्रवेशासाठी दुसऱ्याला साहाय्य करणारा त्यात येतो आणि यंत्रात फेरफार करून आपण घेतलेल्या सेवेचा आकार दुसऱ्याच्या खाती टाकणाराही येतो. हेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले, तर ६६ व्या कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्याची ओळख वापरण्याचा गुन्हा २००८ च्या दुरुस्तीने स्वतंत्रपणे आला, तो २००९ पासून अमलात आहे. २०२३ चा दूरसंचार अधिनियम आणखी पुढे गेला. दूरसंचार ओळखक्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जून २०२४ पासून ही तरतूद लागू आहे. तेव्हा कायदा नाही ही सबब संपली.

‘अहो, पण कंपनीचे चार पैसे बुडाले तर एवढे काय बिघडले?’ हा प्रश्न मला विचारला जातो आणि विचारणारे चांगल्या घरातले असतात. झोपडीवर टाकलेल्या विजेच्या आकड्याविषयी आपण तावातावाने बोलतो. पण आपल्याच इमारतीत एका जोडणीवर चार बिऱ्हाडे चालवून देणारा ‘ओळखीतला मुलगा’ आपल्याला गुणी वाटतो. त्याला आपण ‘जुगाड’ म्हणतो आणि कौतुकाने हसतो. पतंजलींनी यमांमध्ये अहिंसा आणि सत्य यांच्या पाठोपाठ अस्तेय सांगितले, त्यात परवडणाऱ्यांसाठी वेगळी सवलत ठेवलेली नाही.

परंतु पैसे हा यातला लहान भाग आहे. त्या अमेरिकी प्रकरणातच एक अल्पवयीन मुलगा होता. फितूर मोडेममुळे त्याला फुकट इंटरनेट मिळालेच, पण त्याहून मोलाची वस्तू मिळाली. मुखवटा! दुसऱ्याच्या क्रमांकाआड राहून तो संगणकांवर हल्ले करी, आणीबाणीच्या क्रमांकावर खोटे दूरध्वनी करून भलत्याच घरी सशस्त्र पोलीस पाठवी. न्यायालयाने त्याला अकरा महिने कोठडीत ठेवले. आता कल्पना करा, पोलीस माग काढत निघाले तर प्रथम कोणाच्या दारात उभे राहतील? ज्याचा क्रमांक वापरला त्या सज्जनाच्या.

ही कल्पना आपल्या नवी मुंबईत प्रत्यक्षात आली. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद बॉम्बस्फोटांनी हादरले. छप्पन्न जणांचे प्राण गेले. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ‘इंडियन मुजाहिदीन’च्या नावाने ई-मेल आला. आमच्या व्यवसायातले सहकारी त्या रात्री झोपले नाहीत. तपास यंत्रणांनी माग काढला आणि तो थेट सानपाड्यातील एका सदनिकेत जाऊन पोहोचला. तिथे राहात होता एक अमेरिकी नागरिक. त्याची चूक इतकीच की, घरातल्या वाय-फायला कुलूप नव्हते. दहशतवाद्यांनी त्याच्याच जोडणीवरून निरोप पाठवला होता. पुढच्या दोन महिन्यांत हाच प्रकार माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या जोडणीवरून झाला. दिल्लीत १३ सप्टेंबरला स्फोट झाले, त्या वेळचा ई-मेल चेंबूरचा. ऑक्टोबरमध्ये मुंबई गुन्हे शाखेने जे आरोपी पकडले त्यांत पुण्यात नोकरी करणारा एक संगणक अभियंता होता, हे ऐकून पुण्यातल्या कित्येक सुशिक्षित घरांत स्मशानशांतता पसरली होती.

इथे मोडेम फोडावाही लागला नाही, दार उघडेच होते. पण तत्त्व एक. दुसऱ्याच्या ओळखीचा अंगरखा चढवला की देशाचे शत्रू आपल्या गल्लीतून निर्धास्त चालू शकतात. २००९ च्या फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने सेवा देणाऱ्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. आधी माणसे मेली, मग सूचना निघाल्या.

जून २०२१ मध्ये बंगळुरूला जे उघडकीस आले, ते तर थेट सीमेवर नेणारे होते. सिलिगुडीच्या लष्करी आस्थापनेत संशयास्पद दूरध्वनी येऊ लागले. दिसायला क्रमांक भारतीय, बोलणारा सीमेपलीकडचा असल्याचा संशय. पुण्यात मुख्यालय असलेल्या लष्कराच्या दक्षिण कमानच्या गुप्तवार्ता विभागाने माग काढला आणि बंगळुरू पोलिसांसह छापा घातला. बत्तीस ‘सिम बॉक्स’ सापडले, एकाच वेळी ९६० सिमकार्डे चालवू शकणारे. परदेशातून इंटरनेटवरून येणारा आवाज ही पेटी स्थानिक क्रमांकाचा करून टाकते. पेटी चालवणाऱ्यांना मिनिटांमागे मिळणाऱ्या पैशांचा लोभ होता. पलीकडे कोण बोलतो याची विचारपूस त्यांनी केली नसावी. कौटिल्याच्या भाषेत ते अजाण होते की जाणते, हे ठरवणे न्यायालयाचे काम. पण ज्या दुकानदाराने त्यांना अशी पेटी विकली, ज्याने शेकडो सिमकार्डे भलत्यांच्या कागदपत्रांवर काढून दिली, त्याच्यापर्यंत आपले छापे किती वेळा पोहोचतात?

माझी तक्रार हीच आहे. आपल्याकडे बातमी येते ती पेटी चालवणाऱ्या पोराच्या अटकेची. छायाचित्रात तो तोंडाला फडके बांधून उभा असतो. पुरवठादाराचे नाव शेवटच्या ओळीत ‘पुढील तपास चालू’ या तीन शब्दांत विरून जाते. वार्ताहर म्हणून मीही ते तीन शब्द असंख्य वेळा लिहिले आहेत आणि पुढचा तपास विचारायला परत गेलो नाही. अमेरिकी तपासाकडून घ्यायचे असेल तर हे घ्यावे. त्यांनी गिऱ्हाइकापासून सुरुवात केली, पण ते दुकानापर्यंत गेले. वर्षे लागली तरी गेले.

वेळ संपल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी दोनदा पाठवली आहे. मघाशी मध्यंतरात एका भगिनीने विचारले, आमच्या घरचे आम्ही काय पाहायचे? ताई, आज घरी गेल्यावर मोडेमची पेटी उलटी करा. तळाशी तिचा क्रमांक आणि कारखान्याने दिलेला परवलीचा शब्द असेल. तो शब्द अजून तसाच असेल तर आजच बदला. आणि जोडणी कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर आणखी कोणाची बिऱ्हाडे चालली आहेत, हे चिरंजीवांना समोर बसवून विचारा. बाकी प्रश्न चहापानाच्या वेळी घेऊ.