अंगणातील यंत्रकाम



जीप हे नाव आपणांस परके नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत तिची जुळणी होऊ लागली आणि धुळीच्या वाटांवर ती आपल्या ओळखीची झाली. आज मी तिच्या एका अमेरिकन वंशजाविषयी बोलणार आहे. चेरोकी नावाची ही चारही चाकांना गती देणारी गाडी १९८४ च्या नमुन्यापासून २००१ च्या नमुन्यापर्यंत त्या देशात तयार झाली. १९८७ च्या नमुन्यापासून तिच्या चार लिटरच्या एंजिनाला जपानमधील आयसिन-वॉर्नर कारखान्याची स्वयंचलित गियरपेटी जोडीत असत. ही पेटी निकामी झाली की दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा जुन्या गाडीच्या मोलाहून अधिक होतो. मग गाडी मोडीत घालावयाची, की घरच्या अंगणात स्वतःच पेटी बदलावयाची, असा प्रश्न मालकापुढे उभा राहतो.

प्रथम या पेटीचे रहस्य पाहू. एक पंखा चालू करून त्याच्यासमोर दुसरा, बंद असलेला पंखा ठेवला, तर वाऱ्याच्या झोताने तोही फिरू लागतो. वाऱ्याऐवजी तेल घ्या, दोन्ही पंखे एका कवचात कोंडा आणि त्यांच्यामध्ये तेलाचा प्रवाह वळविणारे तिसरे चक्र बसवा. झाला टॉर्क कन्व्हर्टर. जर्मन संशोधक हेर्मान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी ही कल्पना काढली. मोटारीत याच साधनामुळे क्लच दाबावा लागत नाही.

परंतु पाना हाती घेण्यापूर्वी पेटीच दोषी आहे काय, याचा निवाडा केला पाहिजे. या पेटीचे गियर विद्युत्-नियंत्रक बदलतो. त्याचा फ्यूज काढला, की कारभार चालकाच्या हाती येतो. लिव्हर १-२ या खुणेवर असता पहिला गियर पडतो, ३ वर असता तिसरा आणि डी वर असता चौथा. असे हाताने चालविताना गाडी नीट धावली, तर दोष बहुधा तारांत, स्विचांत किंवा नियंत्रकात असतो. निरपराध पेटी उतरविण्याचे कष्ट या एका परीक्षेने वाचतात.

पेटी बदलणेच भाग असेल, तर दुसरी घेताना तिच्या बाहेर पडणाऱ्या दंडावरील दाते मोजावे. १९९० पर्यंतच्या पेट्यांना साधारणपणे २१ दाते असतात, त्यापुढच्यांना २३. जुनी ट्रान्स्फर केस, म्हणजे पुढील व मागील चाकांना शक्ती वाटून देणारी पेटी, या दात्यांशी जुळली नाही तर सारा उद्योग फुकट जातो.

आता सुरक्षिततेचा मुद्दा. लिव्हर पी वर ठेवला म्हणजे गाडी जागची हलणार नाही, असा आपला समज असतो. पण ते कुलूप गियरपेटीत असते, चाकांत नव्हे. मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडविताच मागची चाके त्या कुलपातून मोकळी होतात आणि उतारावर गाडी घरंगळू शकते. म्हणून जागा सपाट व टणक हवी, चाकांना अडण हवी आणि गाडीचा भार भक्कम स्टँडांवर हवा. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखाली शिरणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणे होय.

बॅटरी सोडवावी, तेल काढावे, शाफ्टांवर खुणा करून ते उतरवावे. तारा, केबली व तेलाच्या नळ्या अलग कराव्या. क्रँकशाफ्ट थोडा थोडा फिरवीत कन्व्हर्टरचे बोल्ट एकामागून एक काढावे. ट्रान्स्फर केस आधी उतरविली, तर ओझे हलके होते. एंजिनाला व पेटीला आधार देऊन आडवी तुळई काढली आणि पेटीची मागची बाजू किंचित खाली झुकविली, म्हणजे वरचे अवघड बोल्ट हाताशी येतात. तेथेच क्रँकशाफ्टची गती टिपणारा नाजूक सेन्सर असतो. तो आधी काढून ठेवावा.

नवी पेटी बसविताना खरी कसोटी लागते. कन्व्हर्टर हलके फिरवीत आत सारला, की तो एकेक टप्पा घेत खोल बसतो. अखेरच्या टप्प्यावर तो तेलपंपाच्या खाचांत अडकतो. त्यानंतर पेटीचे तोंड एंजिनाला हाताच्या जोरानेच टेकले पाहिजे. मध्ये फट राहिली, तर ती बोल्ट आवळून मिटवू नये. फट राहते याचा अर्थ बहुधा कन्व्हर्टर पुरता बसलेला नाही, असा असतो. बोल्टांच्या ओढीने पंप फुटतो आणि नवी पेटी पहिल्याच दिवशी जुनीच्या पंक्तीला जाऊन बसते. अशा वेळी पेटी मागे घेऊन पुन्हा आरंभ करण्याचा धीर ज्याच्यापाशी आहे, त्यानेच या कामाला हात घालावा.

जुन्या पेटीतील धातूचा कीस शीतकात व नळ्यांत साचलेला असतो. त्या धुतल्यावाचून नवे तेल भरू नये. तेल भरल्यावर एंजिन चालू ठेवून लिव्हर सर्व स्थानांतून फिरवावा आणि तेल तापल्यावर त्याची पातळी पुन्हा पाहावी. पहिला फेरफटका जवळचाच असावा. परतल्यावर गाडीखाली वाकून कोठे थेंब गळतो आहे काय, ते पाहावे. जमीन कोरडी दिसली, म्हणजे काम पुरे झाले असे समजण्यास हरकत नाही.