पंचनामा कुणी केला?



तुमच्यातल्या बहुतेकांसारखीच मीही घरातली पहिली पदवीधर. लातूर जिल्ह्यातून कोलकात्याला समाजशास्त्रात पीएच.डी. करायला गेले. अम्फान चक्रीवादळानंतर तिथं मी स्वयंसेवक म्हणून काम केलं, त्याबद्दल आज बोलणार आहे. त्यात माझ्याकडून झालेली एक चूकही सांगणार आहे.

२० मे २०२०. लॉकडाऊन चालू होता. संध्याकाळी वादळ शहरावर आलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. सकाळी पाहिलं तर हजारो झाडं आडवी झालेली, वीज नाही, नळाला पाणी नाही. रस्ते मोकळे करायला शेवटी लष्कर आलं. कॉलेज स्ट्रीटवर तर पुस्तकं पाण्यावर तरंगत होती. ते फोटो सगळीकडे गेले आणि पुस्तकविक्रेत्यांसाठी वर्गणी जमली. ती जमायलाच हवी होती. पण त्याच पाण्यात झोपडपट्ट्यांमधली रेशनकार्डं आणि जातीचे दाखलेही भिजले होते. त्यांचा फोटो कुणी काढला नाही.

काही दिवसांनी एका गटाबरोबर मी पूर्व कोलकात्यातल्या कालव्याकाठच्या एका वस्तीत ताडपत्र्या आणि शिधा वाटायला गेले. यादी वस्तीतल्या क्लबच्या मंडळींनी करून दिली होती. वाटप संपत आलं तेव्हा लक्षात आलं, की वस्तीच्या अगदी टोकाला, कचरा वेचणाऱ्या आणि गटारं साफ करणाऱ्या लोकांच्या झोपड्या आहेत. त्यातलं एकही नाव यादीत नव्हतं. एका बाईंनी मला विचारलं, "दीदी, आमचं नाव लिहिलंय का?"

मी गटप्रमुखाला विचारलं. तो म्हणाला, "यादीबाहेर देता येत नाही. आणि बंगालमध्ये जात-बीत कुणी पाहत नाही. तू महाराष्ट्रातली, म्हणून तुला सगळीकडे जात दिसते."

ज्या बंगालमधून १९४६ साली जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना संविधान सभेवर निवडून पाठवलं, त्या बंगालबद्दल तो हे बोलत होता. हे मला माहीत होतं. तरीही मी गप्प बसले आणि परत आले. ही माझी चूक.

रात्री आजीला फोन केला. ती किल्लारी भागातली, १९९३ चा भूकंप तिनं अंगावर काढलेला. तिनं एवढंच विचारलं, "पंचनामा कुणी केला?"

आजीचा हा प्रश्न साधा नाही. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या गावांत घराचा आकार जमिनीवरून ठरला. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, सात हेक्टरच्या वरच्यांना ७५०. जमीन कुणाकडे होती आणि कुणाकडे नव्हती, हे तुम्हाला सांगायला नको. भूकंपात सगळ्यांचीच घरं पडली, पण नवं गाव जुन्याच मापानं उभं राहिलं.

दोन दिवसांनी आम्ही तिघंजण पुन्हा त्या वस्तीत गेलो. या वेळी यादी टोकाकडून सुरू केली. प्रत्येक दारात जाऊन नावं लिहिली आणि लिहिलेलं वाचून दाखवलं. भिजलेले कागद दोरीवर वाळवले, जे नंबर वाचता आले ते वहीत उतरवून दिले. ताडपत्री घेतानाचा फोटो कुणाचाही काढला नाही.

पुढं सरकारनं पूर्ण पडलेल्या घरासाठी २०,००० रुपये जाहीर केले. त्या याद्यांमध्येही खऱ्या नुकसानग्रस्तांना वगळल्याच्या तक्रारी झाल्या. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयात गेलं आणि डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयानं कॅगला तपासणी करायला सांगितलं. म्हणजे आजीचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोचला होता.

मित्रांनो, पूर येईल, वादळ येईल, तुम्हीही मदतीला जाल. जरूर जा. पण पोती उचलण्याआधी यादी मागून घ्या. ती कुणी केली, कुणाच्या ओट्यावर बसून केली, ते विचारा. गावकुसाबाहेरच्या शेवटच्या घरापासून मोजायला लागा. नाव का वगळलं, याचं उत्तर लेखी मागा. अर्ज लिहिणं, नियम वाचणं, माहितीचा अधिकार वापरणं आपल्याला येतं. आपल्या आईवडिलांना कुणी ते शिकू दिलं नव्हतं.

त्या बाईंचं नाव दुसऱ्या यादीत पहिलं होतं. पहिल्याच दिवशी ते लिहायला हवं होतं.

जय भीम.