शाळेचा पट आणि गाडीचें चाक

(शिक्षण परिषदेंत सादर करावयाच्या कार्यशाळेच्या तयारीसाठीं छावणी येथें पालक, शिक्षक व कारागीर यांच्या सभेंत झालेलें भाषण)

अध्यक्षमहाराज, आणि शेत, भाता, माग व चूल सोडून येथें जमलेल्या बंधुभगिनींनो,

येत्या शिक्षण परिषदेंत आपल्याला एक तास मिळाला आहे. पत्रिकेंत त्या तासाला ‘कार्यशाळा’ असें नांव दिलें आहे. त्या तासांत काय करावयाचें, कोणीं करावयाचें आणि बरोबर काय न्यावयाचें, हें ठरविण्यासाठीं ही सभा आहे. म्हणून आज आम्ही शब्दांची आरास न करतां कामाचेंच बोलतों.

प्रथम कार्यशाळा म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द ऐकून कित्येकजण बिचकतात. बिचकण्याचें कारण नाहीं. शिकलेल्या मंडळींनीं ही रीत आपल्याच घरून नेली आहे. सुताराचा मांडव, लोहाराचा भाता, कुंभाराचें चाक, विणकराचा माग या आपल्या पिढीजात कार्यशाळाच होत. तेथें शिकाऊ पोराला कोणी दोन तास व्याख्यान देत नाहीं. त्याच्या हातांत वाकस देतात, पुढें लाकूड ठेवतात, आणि तो चुकला कीं हात धरून दाखवितात. पुराणाची तऱ्हा याच्या उलट. तेथें एकानें सांगावयाचें आणि बाकीच्यांनीं माना डोलवावयाच्या. आपल्या समाजानें शेंकडों वर्षें माना डोलविल्या. त्यानें पुराणिकाचें पोट भरलें, पण आपल्या पोरांना अक्षर आलें नाहीं. म्हणून पहिला नियम हा कीं, परिषदेंत आपण पुराण लावावयाचें नाहीं. साठ मिनिटांपैकीं दहा मिनिटें आपण बोलूं, चाळीस मिनिटें जमलेल्या लोकांच्या हातून काम करवून घेऊं, आणि उरलेलीं दहा मिनिटें, गांवीं परत जाऊन कोण काय करणार, हें ज्याचें त्याच्या तोंडून वदवूं.

आतां विषय कोणता? आपला विषय लहान गांवच्या, लहान वस्तीच्या शाळेचा. २०१७ सालीं राज्य सरकारनें दहांहून कमी पटाच्या तेराशेंहून अधिक शाळा बंद करून त्यांतील मुलें जवळच्या शाळांत घालण्याचें ठरविलें. २०२३ सालीं वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याची योजना पुढें आली. दोन्ही वेळां मोजण्याचें माप एकच, तें म्हणजे पट. हजेरीपुस्तकांत नांवें किती, एवढाच सवाल. हें माप बरोबर आहे कीं नाहीं, हा प्रश्न विचारण्याचा हक्क ज्यांचीं मुलें त्या शाळेंत बसतात त्यांचा आहे. आणि प्रश्न विचारण्याची विद्या शिकावयाला आपल्याला लांब जावयाला नको.

छावणीपासून जवळच नागसेनवनांत मिलिंद महाविद्यालय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९४५ सालीं स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें तें १९५० सालीं सुरू केलें. तोंपर्यंत मराठवाड्यांतील मुलाला पदवी घ्यावयाची तर बहुधा हैदराबादेची वाट धरावी लागे. ती वाट गरिबाला कोठून परवडणार? पण आज आम्ही त्या नांवाकडे तुमचें लक्ष वेधतों. मिलिंद हा यवन राजा आणि नागसेन हा बौद्ध भिक्खु. त्या दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्हो’ या पालि ग्रंथांत आहे. महाविद्यालयाला नांव दिलें तें प्रश्न विचारणाराचें, आणि परिसराला दिलें तें उत्तर देणाराचें. गोरगरिबांच्या विद्यामंदिराला याहून शोभेसें नांव कोणतें?

त्या संवादांत नागसेन राजाला विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे काय? आंस म्हणजे रथ काय? चाकें म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा दरवेळीं नाहीं म्हणतो. हे सर्व भाग एकत्र जुळले म्हणजे त्यांस रथ म्हणतात, हें शेवटीं त्यालाच कबूल करावें लागतें. भिक्खूचा हेतु धर्मविचाराचा होता. पण आमच्या सुतार-लोहारांना हा दृष्टांत वेगळा समजावून द्यावा लागत नाहीं. तुंबा, आरे, धाव, आंस, जूं यांतील कोणत्याहि एकाला आपण गाडी म्हणत नाहीं. मग एकट्या पटाला शाळा कां म्हणावें? शाळेंत शिक्षक लागतो, पाणी लागतें, मुलींसाठीं संडास लागतो, पोराच्या पायांना झेपेल अशी वाट लागते, आणि शाळेची काळजी वाहणारी वस्ती लागते. हें सगळें जुळलें म्हणजे शाळा. गाडीचें एक चाक डगमगूं लागलें तर शहाणा माणूस गाडी मोडींत काढीत नाहीं. तो धाव तापवून पुन्हां चढवितो.

पट कमी कां होतो तेंहि पाहिलें पाहिजे. बीड, जालना व आजूबाजूच्या दुष्काळी भागांतून दिवाळीच्या सुमारास नवराबायकोची जोडी उचल घेऊन ऊसतोडीला निघते. त्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. माणसाची ओळख हत्याराच्या नांवानें! मागें आजीआजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृह चालत असेल तर मूल गांवीं राहतें, नाहीं तर आईबापांबरोबर फडावर जातें. दुसरें मूल इंग्रजी शाळेच्या गाडींत बसून जातें. तिसरी मुलगी धाकट्या भावाला सांभाळीत घरीं राहते. तिघांचीं कारणें तीन, म्हणून इलाजहि तीन. हजेरीपुस्तकांत मात्र तिन्ही ठिकाणीं रिकामी जागाच दिसते. ती जागा कशामुळें रिकामी आहे, हें लिहिण्याचें काम आपलें आहे.

आपली बाजू सरकारपुढें कशी मांडावी, याचा मोठा धडा जोतीराव फुल्यांनीं घालून दिला आहे. १८८२ सालीं हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं शिक्षण आयोग नेमला गेला, आणि त्याच वर्षीं आक्टोबर महिन्यांत जोतीरावांनीं त्याच्यापुढें आपलें निवेदन ठेवलें. त्यांत त्यांनीं नुसता आक्रोश केला नाहीं. आधीं स्वतः चालविलेल्या शाळांचा अनुभव सांगितला. मग मागणी केली, आणि तीहि मोजून मापून. वयाच्या निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. शिक्षकाला दरमहा बारा रुपयांहून कमी पगार नसावा, मोठ्या गांवीं पंधरा किंवा वीस द्यावा. मुलांना मोडी, बाळबोध व हिशेब यांबरोबर शेतीचें व आरोग्याचें प्राथमिक ज्ञान द्यावें. आणि शिक्षक शेतकरी वर्गांतून निवडावे, कीं ज्यांना नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातीं धरण्याची लाज वाटणार नाहीं. अनुभव, आंकडा आणि माणूस, या तीन गोष्टी ज्या निवेदनांत आहेत तें निवेदन जुनें होत नाहीं. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. सबंध देशासाठीं असा कायदा २००९ सालीं झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आला. जोतीरावांच्या मागणीपासून मोजलें तर एकशें अठ्ठावीस वर्षें झालीं! एवढ्या उशिरानें हातीं आलेली वस्तु आपण वापरली नाहीं तर दोष कोणाचा?

त्या कायद्यांत आपल्या कामाचें काय आहे, तें नीट ध्यानांत घ्या. सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिति असावी. तिच्यांत शेंकडा ७५ सभासद पालक असावे आणि शेंकडा ५० सभासद स्त्रिया असाव्या. सरकारी व स्थानिक संस्थांच्या शाळांत त्या समितीनें शाळा विकास आराखडा तयार करावा, आणि सरकारनें अनुदान देतांना तो आराखडा आधार धरावा. म्हणजे कायद्यानें लेखणी आपल्या हातांत दिली आहे. आणि आपण काय करतों? कित्येक गांवीं समितीची सभा कागदावरच होते. वही घरीं येते, आणि आपला बाप त्यावर न वाचतां सही करतो, आपली आई अंगठा उठविते. न वाचतां केलेली सही आणि पूर्वी सावकाराच्या कागदावर उठविलेला अंगठा, यांत फरक तो काय?

म्हणून आपली कार्यशाळा ही आराखडा लिहिण्याची. जमलेल्या लोकांचे पांच-पांच जणांचे गट करूं आणि प्रत्येक गटाला तीन कोरे कागद देऊं.

पहिला कागद वाटेचा. गटानें आपल्या गांवची शाळा, वस्ती, ओढा, मोठा रस्ता व विहीर कोळशानें काढावी. पहिली ते पांचवीसाठीं एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठीं तीन किलोमीटर हें अंतर नियमांत धरलें आहे. पण किलोमीटर कागदावर सपाट असतो. सहा वर्षांच्या मुलाचें पाऊल अर्ध्या मीटरचें धरलें तर एका किलोमीटरचीं दोन हजार पावलें होतात. शाळा दोन किलोमीटरवर नेली कीं जातांना चार हजार व येतांना चार हजार, अशीं रोज आठ हजार पावलें. मध्यें ओढा किती, पावसाळ्यांत तो किती दिवस अडवितो, ट्रकांचा रस्ता कोठें ओलांडावा लागतो, हें सगळें त्या कागदावर यावें. यासाठीं अर्ध्या मीटरवर गांठ मारलेली दोरी बरोबर न्यावी आणि सभागृहांतच लोकांस ती धरून चालावयास लावावें.

दुसरा कागद बारा महिन्यांच्या पटाचा. सरकारला वर्षांतील एका ठराविक तारखेचा आंकडा पुरतो, आपल्याला बारा महिन्यांचा पाहिजे. समजा, एका शाळेंत जून महिन्यांत १६ नांवें आहेत. डिसेंबरांत वर्गांत बसणारीं मुलें ९ उरलीं, आणि एप्रिलांत तीं १४ झालीं. म्हणजे सात गेलीं, पांच परत आलीं आणि दोन आलींच नाहींत. तीं दोन कोणाचीं, कोणत्या कारखान्याच्या फडावर राहिलीं, कीं घरच्या धुण्याभांड्यांत अडकलीं, हें शोधणें म्हणजे या कागदाचें काम. ज्याला विणतांना तुटलेला एक धागा दिसतो, त्या विणकराला हें शिकवावें लागत नाहीं.

तिसरा कागद मागणीचा. त्यावर चारच ओळी असाव्या : काय पाहिजे, खर्च किती, करणार कोण, आणि कोणत्या तारखेच्या आंत. ‘शिक्षण सुधारावें’ ही मागणी नव्हे, तो नुसता उसासा आहे. ‘ओढ्यावर पावसाळ्याआधीं साकव घालावा’ किंवा ‘दिवाळीपूर्वीं हंगामी वसतिगृहाला मंजुरी मिळावी’ ही मागणी.

परिषदेंत कोणी तरी उठून म्हणेल कीं, पांचसात पोरांच्या शाळेंत शिक्षण तरी काय होतें? एकदोन शिक्षकांनीं पांच इयत्ता कशा सांभाळाव्या? मोठ्या शाळेंत सोबती मिळतील, खेळ मिळेल. या आक्षेपावर आरडाओरडा करूं नये, त्यांत तथ्य आहे. उत्तर असें द्यावें कीं, मोठी शाळा आम्हांलाहि हवी. पण तेथें नेणारी गाडी रोज येईल कीं पहिले दोनच महिने? गाडी आली नाहीं त्या दिवशीं प्रथम कोण घरीं बसेल? मुलगाहि बसेल, पण मुलगी आधीं बसेल. याची लेखी हमी मिळेपर्यंत हातची शाळा सोडूं नये. आणि ज्या गांवाला विचारविनिमयानंतर मोठी शाळाच बरी वाटेल, त्या गांवाचा निर्णयहि आपण मानावा. मात्र निर्णय गांवाचा असावा.

आतां हें सादर कोणीं करावें? आमचें स्पष्ट मत आहे कीं, चांगल्या वक्त्याला मागें बसवावें. पहिला कागद सुतारानें घ्यावा, कारण माप त्याच्या हातांत आहे. दुसरा कागद समितीवरील एखाद्या आईनें घ्यावा, कारण कोणतें मूल कां आलें नाहीं हें तिला वहीशिवाय ठाऊक असतें. तिसरा कागद शेतकऱ्यानें घ्यावा, कारण पेरणीची वेळ चुकली म्हणजे काय होतें तें तो जाणतो. शिक्षकांनीं लिहून घ्यावें आणि कायद्याचें कलम विचारलें तर तेवढेंच सांगावें. भाषा आपल्या घरची बोलावी. ‘आम्ही अडाणी, आम्हांला काय समजतें’ हें वाक्य मात्र कोणीहि उच्चारूं नये. ती नम्रता नव्हे, दुसऱ्याच्या पायाखालीं आपण होऊन टाकलेली ती सतरंजी आहे.

शेवटीं कामांची वांटणी. येत्या गुरुवारीं छावणीचा बाजार आहे. त्या दिवशीं खेड्यांतून येणाऱ्या ओळखीच्या माणसांना गांठून त्यांच्या शाळेची वाट व पट विचारावा, म्हणजे दुसऱ्या गांवांचीहि माहिती हातीं येईल. सुतार मंडळींनीं दोऱ्यांना गांठी माराव्या. माताभगिनींनीं आपापल्या वस्तींतील मुलांचीं नांवें महिन्यावार आठवून शिक्षकांकडून लिहवून घ्यावीं. परिषदेच्या आधीं एकदां येथेंच, घड्याळ लावून, साठ मिनिटांची तालीम करावी. तालमींत ज्याला प्रश्न सुचेल त्यानें तो दाबून ठेवूं नये. येथें विचारलेला प्रश्न तेथें आपल्या कामाला येईल.

परिषद एका दिवसांत संपेल. पण भरलेले तीन कागद घेऊन पन्नास माणसें आपापल्या गांवीं गेलीं आणि त्यांनीं समितीच्या पुढच्या सभेंत ते ठेवले, तर तो तास कारणीं लागला असें समजावें. तेवढ्यासाठीं मेहनत करूं या.

सत्याचा जय असो.