बॅचलर : एका शब्दाचे बिऱ्हाड

सुरत शहराच्या आग्नेय अंगाला, लिंबायत आणि डिंडोली यांच्या शेजारी गोडादरा आहे. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव आता महानगरपालिकेच्या हद्दीत पूर्णपणे मुरून गेले आहे. जवळच्या उधना जंक्शनवरून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असे करीत जळगावकडे जाणारा लोहमार्ग फुटतो. या मार्गाने खानदेशातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सुरतेत आली, यंत्रमागावर उभी राहिली, कापड रंगविण्या-छापण्याच्या कारखान्यांत शिरली, कापड बाजारात गठ्ठे उचलू लागली. त्यामुळे गोडादऱ्याच्या गल्लीत गुजराती, हिंदी, मराठी आणि अहिराणी या चार भाषा एकाच ओट्यावर बसलेल्या आढळतात. या चौघींनी एक शब्द मात्र एकमताने पाचवीकडून, म्हणजे इंग्रजीकडून घेतला आहे. खोली भाड्याने मागायला आलेल्या पुरुषाला घरमालक नाव-गाव विचारण्याच्याही आधी विचारतो, ‘फॅमिली छे के बॅचलर?’

समजा, विचारला गेलेला पुरुष शिंदखेड्याकडचा आहे. लग्नाला दहा वर्षे झालेली, दोन मुले शाळेत, म्हातारे आईवडील आणि थोडी कोरडवाहू जमीन. बायको त्या सर्वांना धरून गावी आहे. तो क्षणभरही न अडखळता उत्तर देतो, ‘बॅचलर.’ गावाकडचा कोणी सोबत असला तर त्याला हळूच अहिराणीत सांगतो, ‘फॅमिली गावमा शे.’ यात तो खोटे बोलत नाही, घरमालकाचीही फसवणूक होत नाही. दोघांना परस्परांचा अर्थ बिनचूक कळलेला असतो. फसतो तो फक्त इंग्रजी शब्दकोश.

कोशापेक्षाही अधिक पंचाईत होते ती तत्त्वज्ञांची. ‘बॅचलर म्हणजे अविवाहित पुरुष’ हे विधान पाश्चात्त्य तर्कशास्त्राने फार दिवस आदर्श उदाहरण म्हणून जपले आहे. जगात कोठेही न जाता, एकही माणूस न तपासता, केवळ शब्दांच्या अर्थावरून जे सत्य ठरते, त्याचा हा नमुना. क्वाइन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९५१ मध्ये अशा सत्यांच्या पायावरच शंका घेतली, तेव्हाही चर्चेला हाच शब्द हाताशी होता. पुढे १९६३ मध्ये कॅट्झ आणि फोडर या दोघांनी अर्थविचाराची एक पद्धती मांडताना ‘बॅचलर’चे चार अर्थ दाखविले : अविवाहित पुरुष, दुसऱ्याच्या ध्वजाखाली लढणारा तरुण सरदार, विद्यापीठाची पहिली पदवी मिळविलेला आणि विणीच्या हंगामात जोडीदारीण न लाभलेला सील हा जलचर प्राणी. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी तर विचारले की, पोप हे अविवाहित पुरुषच आहेत, मग त्यांना बॅचलर म्हणता येईल काय? नाही म्हणता येत, कारण हा शब्द लग्नाची अपेक्षा असलेल्या समाजातच अर्थ धारण करतो, असे त्यांचे म्हणणे. ‘विवाहित बॅचलर’ हा मात्र या सर्व चर्चेत वदतोव्याघाताचाच दाखला राहिला. गोडादऱ्यात तो व्याघात रात्रपाळी करून सकाळी खोलीवर येऊन झोपतो.

मग हा गोडादरेकरांचा अडाणीपणा समजावा काय? शब्दाचा पूर्वेतिहास पाहिला तर तसे म्हणता येत नाही. जुन्या फ्रेंचमधील ‘बाशलेर’ या शब्दावरून तो इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत उतरला आणि त्या वेळी त्याचा लग्नाशी थेट संबंध नव्हता. ज्याच्याकडे स्वतःचा ध्वज उभारण्याइतकी माणसे आणि जमीन नाही, जो वयाने किंवा ऐपतीने लहान असल्याने थोरल्या सरदाराच्या निशाणामागे चालतो, तो बॅचलर. मध्ययुगीन लॅटिनमध्ये याच घराण्यातला एक शब्द दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळासाठी वापरलेला आढळतो. शब्दाचे मूळ कोणते यावर विद्वानांचे अद्याप एकमत नाही. पण तो प्रारंभी कमीपणाचा, उमेदवारीचा शब्द होता एवढे निश्चित. उमेदवार बहुधा बिनलग्नाचा असे, म्हणून ‘अविवाहित’ हा अर्थ त्याला चिकटला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या लेखनात हे दोन्ही अर्थ नांदताना दिसतात.

जुना अर्थ ब्रिटिशांच्या मानपत्रांत टिकून राहिला आणि त्याने पुढे मोठी गंमत केली. ज्यांना ‘सर’ ही पदवी मिळते, पण कोणत्याही विशेष सरदारमंडळात स्थान मिळत नाही, त्यांना ‘नाइट बॅचलर’ म्हणतात. सुरतेच्या दक्षिणेस नवसारीत ज्यांचे बालपण गेले ते जमशेटजी जीजीभाई १८४२ मध्ये असे नाइट झाले. मुलाबाळांचे भरलेले घर असलेले हे दानशूर गृहस्थ कागदोपत्री बॅचलर ठरले. १९१५ मध्ये रवींद्रनाथ ठाकुरांनाही हाच किताब मिळाला. ते तेव्हा विधुर होते आणि त्यांना मुलेही होती. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर, १९१९ मध्ये, त्यांनी तो झुगारून दिला.

विद्यापीठांच्या वाटेने हा शब्द महाराष्ट्रात आला तेव्हाचे दृश्य तर अधिकच मनोज्ञ आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले ‘बॅचलर ऑफ आर्ट्‌स’ बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले दोघे. रानड्यांचे लग्न त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच झाले होते. म्हणजे या प्रांतातील पहिल्या बॅचलरांत गृहस्थाश्रमी पुरुष होतेच. १८८३ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने कादंबिनी बसू आणि चंद्रमुखी बसू यांना ही पदवी दिली, तेव्हा बॅचलर या शब्दाने स्त्रियांनाही आपल्यात घेतले. कादंबिनी त्याच वर्षी विवाहबद्ध झाल्या. पदवीला त्याची काही बाधा झाली नाही.

याच पदवीसाठी गुजरातीत आणि हिंदीत ‘स्नातक’ हा शब्द रूढ झाला. त्यातील विसंगती सहसा ध्यानात येत नाही. स्नातक म्हणजे अध्ययन संपवून समावर्तनाचे स्नान केलेला, ब्रह्मचर्याश्रमाचा निरोप घेऊन लग्नास मोकळा झालेला तरुण. एका भाषेने ज्या टप्प्याला अविवाहिताचे नाव दिले, त्याच टप्प्याला दुसरीने ब्रह्मचर्य संपल्याची खूण चिकटवली. मराठीने ‘पदवीधर’ असा सावध शब्द पत्करून या वादातून अंग काढून घेतले.

बिनलग्नाच्या पुरुषासाठी मराठीला शब्दांचा तोटा कधीच नव्हता. परंतु प्रत्येक शब्द काही ना काही शेरा मारतो. ‘ब्रह्मचारी’ म्हटले की व्रत आले आणि व्रताबरोबर संशय आला. मास्टर विनायकांच्या ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटाने १९३८ मध्येच त्या व्रताला हसण्याचा विषय करून टाकले. ‘घोडनवरा’ वयावर बोट ठेवतो, ‘लग्नाळू’ अधीरतेवर. ‘उपवर’ हा शब्द मुलामुलींना सारखाच लागतो, परंतु तो वधूवर सूचक मंडळाच्या दाराबाहेर फारसा पडत नाही. ‘अविवाहित’ सरकारी अर्जापुरता. लोकसमजुतीने तर अशा पुरुषाला मेल्यावरही सोडले नाही. मुंज झालेला, पण सोडमुंजीपूर्वी वारलेला मुलगा ‘मुंज्या’ होऊन पिंपळावर बसतो. गुजरातीतील ‘वांढो’ हा शब्दही चारचौघांत कोणी स्वतःविषयी आनंदाने उच्चारीत नाही. ‘बॅचलर’ या परक्या शब्दाला यांपैकी कोणताच वास नव्हता, आणि परक्या शब्दाची हीच मोठी सोय असते.

या सर्वांत एक शब्द मात्र वेगळ्या जातीचा आहे : ‘सडा’. अंगणातल्या सडा-रांगोळीशी त्याचा संबंध नाही. सडा म्हणजे पाश नसलेला, लवाजमा नसलेला, एकटा. ‘सडाफटिंग’ या जोडशब्दात तो अजून बोलीत आहे. मराठ्यांच्या लष्करी भाषेत ‘सडी फौज’ म्हणजे बाजारबुणगे, सामानसुमान आणि बायकामुले मागे ठेवून निघालेली चपळ फौज. पानिपतापूर्वी, १७६० मध्ये, सूरजमल जाटाने सदाशिवरावभाऊंना जो सल्ला दिल्याचे सांगतात, त्याचे सार ‘सडे व्हा’ हेच होते. स्त्रिया आणि जड सामान सुरक्षित किल्ल्यांत ठेवावे, असे त्याचे मत. ते मानले गेले नाही. सड्या स्वाराचे लग्न झाले आहे की नाही हे या शब्दात कोणी विचारीत नाही. या मोहिमेत कुटुंब बरोबर आहे की मागे आहे, एवढेच विचारले जाते.

गोडादऱ्याचा बॅचलर हा हाच सडा आहे. अर्थ मराठीचा, अंगरखा इंग्रजीचा. आणि इंग्रजीतला सर्वांत जुना अर्थही, स्वतःचे निशाण नसल्याने दुसऱ्याच्या निशाणामागे चालणारा, त्याला कोशातल्या ‘अविवाहित’पेक्षा चपखल बसतो.

दुसऱ्या बाजूचा शब्द ‘फॅमिली’. त्याचीही हीच कथा. मागल्या पिढीतील मराठी गृहस्थ बायकोचे नाव न घेता ‘आमचे कुटुंब’ म्हणत. त्याच जागी आज ‘फॅमिली’ आली आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एका खोलीत अनेक जण राहत, बायका चालवीत त्या खानावळींत जेवत, आणि पाळ्या वेगवेगळ्या असल्याने झोपण्याची जागा आलटून पालटून वापरीत. त्यांच्यापैकी एखाद्याने गावाहून बायकोला आणले की ‘त्याने बिऱ्हाड केले’ असे म्हटले जाई. लग्न ही एक घटना आणि बिऱ्हाड ही दुसरी, हा भेद त्या भाषेत स्वच्छ होता. आखाती देशांत गेलेल्या माणसांच्या बोलण्यातही तो आहे. तेथे कामगारांच्या निवासाला ‘बॅचलर’ हे विशेषण लागते आणि त्यात राहणाऱ्या कित्येकांच्या पाकिटात बायकामुलांचे छायाचित्र असते.

परंतु शब्द बदलला की काहीच बदलत नाही, असे मात्र नाही. ‘सडा’ हा शब्द स्वार स्वतःविषयी वापरी, आणि त्यात थोडी ऐट होती. ‘बॅचलर’ हे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आहे, आणि त्या उत्तरावर दार उघडते किंवा मिटते. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी गोडादऱ्यापुरती नाही. पुणे-मुंबईच्या सोसायट्यांनाही ती ठाऊक आहे. बॅचलर रात्री उशिरा येईल, मित्र जमवील, शेजारी लेकीसुना आहेत, अशी कारणे सांगितली जातात. ज्याच्या स्वतःच्या घरी लेकीसुना आहेत, त्यालाच ती ऐकून घ्यावी लागतात. दहा वर्षे बाप असलेला माणूस या एका शब्दाने विशीतल्या उनाड पोरांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. गावी त्याला वडील मानून लग्नाच्या बैठकीत बसवतात. इथे त्याच्या चारित्र्याची हमी द्यायला एखादा ‘फॅमिली’वाला गाववाला शोधावा लागतो. पुढे कधी त्याला बायकोला आणणे जमलेच, तर कोणताही मंत्र न म्हणता, अक्षता न पडता, तो एका दिवसात बॅचलरचा फॅमिली होतो. घरमालकाच्या हिशेबी त्याचे लग्न त्या दिवशी लागलेले असते.

आणि जी गावी राहिली तिला कोणता शब्द? इंग्रजीने अविवाहित स्त्रीसाठी ‘स्पिन्स्टर’ म्हणजे सूत कातणारी असा धंद्याचा शब्द योजला होता. सूत आणि माग यांवर जगणाऱ्या सुरतेत तो शोभलाही असता, पण इकडे तो कधी रुजला नाही. इंग्लंडच्या विवाहनोंदणीतूनही २००५ मध्ये बॅचलर आणि स्पिन्स्टर हे दोन्ही शब्द गेले आणि तेथे ‘एकेरी’ अशा अर्थाचा एकच शब्द आला. मराठीत लग्नपत्रिकेवरची ‘चि. सौ. कां.’ लग्न लागताच ‘सौ.’ होते आणि नवरा कोठेही राहिला तरी ‘सौ.’च राहते. तिच्या नवऱ्याला सुरतेत बॅचलर म्हणतात, पण तिला गावात कोणी एकटी म्हणत नाही. कापसाची वेचणी, सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, मुलांची शाळा हे सारे ती एकटीने उरकते, तरी तिच्या एकटेपणाला नाव नाही. जनगणनेच्या तक्त्यात ती दोघे एकाच रकान्यात, ‘सध्या विवाहित’ म्हणून मोजली जातात. एकाच लग्नाचे एक टोक सौभाग्यवती आणि दुसरे टोक बॅचलर, हे चौथे आश्चर्य कॅट्झ आणि फोडर यांच्या यादीतल्या सील प्राण्यापेक्षा लहान म्हणता येणार नाही.

वैशाखात आखाजी येते. खानदेशात हा माहेरवाशिणींचा सण. गोडादऱ्यात बिऱ्हाड करून राहिलेल्या बायका मुलांना घेऊन उधन्याहून नंदुरबार-अमळनेरकडच्या गाड्यांत बसतात, आणि ज्यांना कारखान्यातून रजा मिळत नाही ते नवरे फलाटावरून परत येतात. पुढचे काही दिवस हे ‘फॅमिली’वाले पुरुष डबा लावून जेवतात आणि एकमेकांना हसत सांगतात की, सध्या बॅचलर आहे. घरमालक मात्र तेवढ्यावरून वहीतली नोंद बदलत नाही. एकदा फॅमिली लिहिलेला माणूस त्याच्या लेखी फॅमिलीच असतो. त्याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या खोलीतला खरा सडा रजेचा अर्ज करून बसलेला असतो, आणि अर्जातील कारणाच्या ओळीत त्याने लिहिलेले असते : ‘घरी लग्नकार्य आहे.’